उसने दिलेले पुरस्कार

मुलांनो, या कागदांबरोबर एक खोकं पाठवते आहे. ते कागद वाचून झाल्यावरच उघडा. आधी उघडलंत तरी मला इथे पुण्यात बसून काही दिसणार नाही, पण आतली वस्तू पाहून तुमचाच गोंधळ होईल. तेव्हा सगळं ओळीने होऊ द्या.

ओळीने करण्यावरून तुमची आई मला अजून चिडवते. तिला म्हणावं, माझ्या साहेबांपुढे मी अगदी अस्ताव्यस्त बाई होते.

इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर मला शहराच्या जुन्या भागातल्या एका छोट्या संग्रहालयात नोकरी लागली. दिल्लीशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत करायला कुणीतरी हवं होतं. तिथे जुनी मापं, तराजू, कुलपं, तांब्यापितळेची भांडी अशा वस्तू होत्या आणि त्या सगळ्यांवर आमचे साहेब होते. त्यांचं पद अभिरक्षक, म्हणजे संग्रहालयाची राखण करणारा मुख्य माणूस. ते सर्वांना पदानेच हाक मारत. मी त्यांच्या हाताखाली ते निवृत्त होईपर्यंत काम केलं, पण त्यांच्या तोंडी माझं नाव कधी आलं नाही. मी "अहो सहायक" होते. टपाल आणणाऱ्या पोस्टमनला ते "या, टपाल" म्हणत.

त्यांच्या कोटाच्या खिशात कायम पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड असे. वस्तूला हात लावण्याआधी ते हातमोजे चढवत आणि ती दोन्ही हातांनी उचलत, एक हात बाजूला, एक बुडाखाली. सवय इतकी मुरलेली की छत्रीसुद्धा दोन हातांनी नेत. तुमची आई जन्मली तेव्हा ते सपत्नीक बाळ पाहायला आमच्याकडे आले होते. मी बाळ पुढे केलं. त्यांनी शांतपणे हातमोजे चढवले, एक हात बुडाखाली घातला, आणि म्हणाले, "सोडा. धरलंय."

"सोडू?" आणि "धरलं" हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणाऱ्याने "सोडू?" असं विचारायचं आणि घेणाऱ्याने "धरलं" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, असा साहेबांचा दंडक होता. पाणी देतानाही आम्ही तसंच करायला लागलो होतो. माझ्या सासूबाईंना वाटलं, सुनेच्या हातापायातली शक्ती गेली.

दुसरा छंद चिठ्ठ्यांचा. वस्तूखाली तिची माहिती लिहिलेली चिठ्ठी हवी, हे कामच होतं, पण साहेब संग्रहालयात थांबत नसत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर लिहिलेलं होतं, "साखर. दाणेदार. पुणे, विसावे शतक." संग्रहालयातल्या त्यांच्या चहाच्या कपाचा कान तुटला होता. कप टाकायला ते तयार नव्हते. कान त्यांनी काडेपेटीत कापूस घालून ठेवला आणि कपाला चिठ्ठी लावली, "चहाचा कप. कान तुटलेला. कान उपलब्ध." त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या होत्या, "मला अजून चिठ्ठी लावली नाहीये. माझं शतक ठरत नसेल."

संग्रहालयाच्या काचेच्या कपाटांवर पाटी होती, "काचेला नाक लावू नये. काच आम्ही पुसतो, नाक आपण पुसावे." कपाटं बनवणारे आमचे इब्राहिमभाई. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात सुतारकाम करत आलेलं. त्यांच्या हातात सफाई होती आणि तोंडात साखर नव्हती. ती पाटी लावताना म्हणाले, "साहेब, एवढी मोठी पाटी लावली की काचेला नाक लावूनच वाचावी लागेल."

आता मुख्य गोष्ट.

लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या संग्रहालयांना दिल्लीची एक समिती पुरस्कार देत असे. नुसत्या वस्तू राखल्या एवढ्याने भागत नव्हतं. आजूबाजूच्या माणसांसाठी संग्रहालयाने काय केलं, ते पाहिलं जाई. एका वर्षी साहेब या पुरस्कारांच्या सोहळ्याला पाहुणे म्हणून गेले आणि परत येऊन त्यांनी मला समितीला एक लांबलचक पत्र लिहायला सांगितलं. हारांच्या फुलांतून किडे येतात. समई पडद्याच्या फार जवळ होती. नारळ फोडल्यावर मुंग्या कुठे जातात याचा विचार झालेला नाही. मानचिन्हं एका हाताने दिली गेली. मी सगळं नीट इंग्रजीत घातलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. पुढचा सोहळा पुण्यात, आपल्या संग्रहालयाच्या आवारात होईल आणि आपणच त्याची आखणी करावी.

"भोगा आता," इब्राहिमभाई म्हणाले.

साहेब मात्र खूश होते. ते येत्या हिवाळ्यानंतर निवृत्त होणार होते. त्यांच्या सगळ्या नोकरीत नंबर पडलेली एकही वस्तू संग्रहालयाच्या फाटकाबाहेर गेली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान. तरुणपणी ते दुसऱ्या एका संग्रहालयात शिकाऊ होते. तिथे एका वस्तूचा नंबर खरवडून कुणीतरी ती लांबवली होती. तेव्हापासून नंबर म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवाची अक्षरं. एकदा घातला की पुसायचा नाही, आणि नंबर असलेली वस्तू बाहेर जायची नाही. हा स्वच्छ हिशेब घेऊन घरी जावं आणि जाता जाता एक नीटनेटका सोहळा करून दाखवावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या वर्षी तीन संग्रहालयांची निवड झाली. एक केरळातलं, एक आसामातलं आणि एक लोणी काळभोरजवळच्या खेड्यातलं. हे तिसरं पाहून या असं समितीने आम्हाला निवडीआधीच कळवलं होतं, म्हणून साहेब आणि मी सोलापूर रस्त्याच्या बसने तिकडे गेलो होतो. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी जुन्या शाळेच्या रिकाम्या वर्गात ते उभं केलं होतं. आम्ही त्यांना लोणीच्या बाई म्हणत असू. आत मोटेचं साहित्य होतं, जाती होती, पेरणीची पाभर होती. पण भिंतीजवळ मोठमोठ्या भांड्यांची जागा रिकामी. फक्त चिठ्ठ्या.

"भांडी कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"लग्नाला गेली आहेत."

साहेबांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी आम्हाला मागच्या आळीत नेलं. तिथे मांडवाबाहेर मोठ्या चुलीवर एक तपेलं रटरटत होतं. त्याच्या कडेखाली नंबर होता, धुराने काळवंडलेला. साहेब आधाराला माझी छत्री धरून उभे राहिले, दोन्ही हातांनी.

"बाई, ही नोंद झालेली वस्तू आहे. ती चुलीवर आहे."

"हो. आमटी होतेय. गावात एवढं मोठं भांडं आता कुणाकडे राहिलेलं नाही, म्हणून सगळे आमच्याकडून नेतात. आणि न्यायला येतात तेव्हा म्हातारी माणसं बसून सांगतात, कोणतं भांडं कुणाच्या घरचं, कशासाठी वापरायचे. मुलं लिहून घेतात. नाहीतर आमच्या वर्गात कोण आलं असतं?"

आमटी ढवळणारी बाई साहेबांकडे बघत म्हणाली, "भांडं म्युझियमचं हाय, पण आमटी आमची हाय. बसा पंगतीला."

साहेब बसले. परतीच्या बसमध्ये हडपसर आलं. मग साहेब म्हणाले, "अहो सहायक, आमटी उत्तम होती. म्हणूनच जास्त वाईट वाटतं." घरी येऊन त्यांनी समितीला कळवलं की हे संग्रहालय नाही, ही भांड्यांची देवघेव आहे. समितीने त्यांचं मत वाचलं आणि लोणीच्या बाईंना पुरस्कार जाहीर केला. साहेबांनी निमंत्रण अगदी आदराने लिहवून घेतलं. मतभेद वेगळा आणि शिष्टाचार वेगळा, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मग तयारी सुरू झाली. साहेबांनी सोहळा एखाद्या प्रदर्शनासारखा आखला. हार नाहीत, नारळ नाही. समई फाटकाबाहेर, पदपथावर. मुख्य पाहुण्यांनी ती तिथेच लावायची आणि चालत आत यायचं. पाहुण्यांच्या शाली कसर लागू नये म्हणून इतके दिवस डांबराच्या गोळ्यांत ठेवल्या होत्या की त्या उघडल्या तेव्हा इब्राहिमभाई दोन पावलं मागे सरले. "साहेब, ही शाल पांघरली तर पाहुण्याला पण कसर लागणार नाही." प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी होती. व्यासपीठावरून मानचिन्ह देण्याची तालीम आम्ही रिकाम्या खोक्यावर केली. इब्राहिमभाई पुरस्कार घेणारे, मी देणारी.

"सोडू?"

"धरलं. पण यात काहीच नाहीये."

"नसलं तरी दोन हात," साहेब म्हणाले.

मानचिन्ह म्हणून लाकडी ढाल वगैरे साहेबांना पसंत नव्हती. त्यांनी तांबट आळीतून तांब्याच्या सुबक लोट्या घडवून घेतल्या, अंगावर हातोडीच्या ठोक्यांची बारीक नक्षी असलेल्या. दिल्लीला कल्पना आवडली. लोट्या तयार होऊन आल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या गेल्या. त्याच आठवड्यात पेठेतल्या एका कुटुंबाने त्यांची जुनी तांब्याची भांडी आम्हाला भेट दिली होती आणि साहेब रोज दुपारी बसून त्या भांड्यांवर नंबर घालत होते. बुडाला पांढऱ्या रंगाची पट्टी, त्यावर बारीक कुंचल्याने लाल आकडे, वर रोगणाचा हात. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. इब्राहिमभाई पाहत पाहत म्हणाले होते, "साहेब, मी या खोलीत बसत नाही. चुकून माझ्यावर नंबर पडला तर घरी जाता येणार नाही."

सोहळा रविवारी संध्याकाळी होता. सकाळी लोट्या मखमलीवर मांडाव्यात म्हणून मी एक उचलली, अर्थात दोन्ही हातांनी, आणि बुडाखालच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. उलटी करून पाहिली.

"साहेब, या लोट्यांवर नंबर आहेत."

"असणारच," ते मान वर न करता म्हणाले. मग त्यांनी मान वर केली.

तिन्ही लोट्यांवर होते. त्यांच्याच हातचे, सुरेख. वर्षानुवर्षं टेबलावर आलेल्या तांब्याच्या भांड्याचं त्यांनी जे केलं होतं तेच त्यांनी केलं होतं. नोंदवहीतही लोट्या चढल्या होत्या. आता त्या कागदोपत्री आमच्या संग्रहालयाच्या झाल्या होत्या आणि त्यांना फाटकाबाहेर जायची परवानगी नव्हती. सरकारी मंजुरी मिळायला महिने लागत, आणि आज तर रविवार.

"पुसून टाकू," मी म्हटलं. "थोड्या टर्पेंटाइनने निघेल."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला.

"आज मी पुसला तर उद्या कुणीही पुसेल आणि माझं नाव सांगेल."

दिल्लीहून आदल्या दिवशी आलेले समितीचे अध्यक्ष नाश्ता करून पोचले. ते हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी सुचवलं की व्यासपीठावर लोट्या द्याव्यात, फोटो काढावेत, मग परत घेऊन पुढे सवडीने दुसऱ्या पाठवाव्यात.

"म्हणजे दिल्यासारखं करायचं," साहेब म्हणाले.

"फक्त समारंभापुरतं."

"समारंभ त्याचसाठी आहे ना, की खरोखर दिलं हे लोकांनी पाहावं?"

साहेब उठून आपल्या खोलीत जाऊन बसले. मी चहा नेला, त्यांच्या त्या बिनकानाच्या कपात. त्यांनी तो घेतला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना वस्तूकडे पाठ करून बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते लोट्यांकडे पाठ करून बसले होते. एकतर नोकरीच्या शेवटी नंबर असलेल्या वस्तू बाहेर जाणार होत्या, नाहीतर देशभरातून आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जाणार होती. दोन्हीपैकी एक त्यांच्या नावावर लागणार होतं.

दुपारी लोणीच्या बाई आल्या. लवकर आल्या होत्या, काही मदत लागली तर करावी म्हणून. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. नंबर घालण्याचं काम त्याही करत होत्या. "माझ्याकडून एकदा शाळेच्या घंटेवर पडला होता," एवढंच म्हणाल्या.

साहेब त्यांना पाहून उठून उभे राहिले. मग साहेबांनी विचारलं, "बाई, आपण भांडी देता, तेव्हा काय लिहून घेता?"

"काही नाही. नाव विचारते. ते मला आधीच माहीत असतं."

"आणि परत आलं नाही तर?"

"मग मी त्यांच्या घरी जाते. चहा होतो. येताना भांडं घेऊन येते."

"नेहमी?"

"कधी चहा दोनदा होतो."

साहेब खाली बसले. त्यांनी कप ओढून घेतला आणि गार चहा पिऊन टाकला. आमच्या नियमांत एक कलम होतं, की अभिरक्षक स्वतःच्या अधिकारात एखादी वस्तू दुसऱ्या संग्रहालयाला वर्षभरासाठी उसनी देऊ शकतो. वर्षाने ती आणून दाखवायची, तपासून घ्यायची आणि मुदत वाढवून न्यायची. ते कलम साहेबांना तोंडपाठ होतं, आणि त्यांनी ते एकदाही वापरलं नव्हतं. त्यात एकच अट होती. घेणारी संस्था खरोखरचं संग्रहालय आहे आणि वस्तू सांभाळायला योग्य आहे, असं अभिरक्षकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं.

केरळाचं आणि आसामचं त्यांनी लगेच लिहून टाकलं. तिसरा कागद पुढे घेतल्यावर ते थांबले. लोणीच्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं.

"बाई," साहेब म्हणाले, "यातून पाणी प्याल का?"

"लोटी आहे. पिऊच."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: "सदर संग्रहालय मी स्वतः पाहिले आहे. तेथील वस्तू सांभाळल्या जातात व परत येतात."

संध्याकाळी आवार भरलं. मुख्य पाहुण्यांनी पदपथावर समई लावली तेव्हा जाणारे-येणारे सायकलवाले उतरून उभे राहिले, कुणालातरी वाटलं नवीन दुकानाचं उद्घाटन आहे. शाल पांघरल्यावर पाहुणे शिंकले ते भाषण संपेपर्यंत. मग साहेब ध्वनिक्षेपकापुढे आले.

"आज आपण जे देत आहोत," ते म्हणाले, "ते दिलेलं नाही. उसनं आहे. चूक माझी आहे. परंतु आता या तीन संस्थांना दरवर्षी पुण्याला यावं लागेल, आणि आल्या नाहीत तर मला त्यांच्याकडे जावं लागेल. दोन्हीची आमची तयारी आहे."

लोक आधी गोंधळले, मग हसले, आणि मग टाळ्या झाल्या. अध्यक्षांनीच त्या सुरू केल्या.

मुख्य पाहुणे रुमालात तोंड खुपसून बसले होते, म्हणून लोट्या साहेबांनीच दिल्या. शेवटी लोणीच्या बाई आल्या. साहेबांनी हातमोजे घातलेल्या दोन्ही हातांनी लोटी पुढे केली.

"सोडू?"

"धरलं," बाई म्हणाल्या. त्यांचा एक हात बाजूला होता आणि एक बुडाखाली.

मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते, म्हणून मला दिसलं. "धरलं" म्हटल्यावरही साहेबांचे हात क्षणभर तिथेच होते. मग सुटले.

पुढच्या हिवाळ्यात बाई बसमधून लोटी मांडीवर घेऊन आल्या. साहेब निवृत्त झाले होते, तरी तपासायला आले. बाईंनी लोटी चिंचेने घासून लखलखीत केली होती. संग्रहातल्या धातूला असं घासणं आमच्या शास्त्रात बसत नाही. साहेबांनी ती फिरवून पाहिली, बुडाचा नंबर शाबूत आहे याची खात्री केली आणि शेरा लिहायला सांगितला, "वस्तू वापरात. स्थिती उत्तम." केरळहून तिथले अभिरक्षक आले, केळ्यांचे वेफर्स घेऊन. आसामची मंडळी एक वर्षाआड यायची आणि नंतर तर कुटुंबासकट. आमच्या त्या गप्प संग्रहालयात दर हिवाळ्यात जत्रा भरू लागली. एका वर्षी लोणीच्या बाईंचा पाय मोडला होता, त्या येऊ शकल्या नाहीत. साहेब मला म्हणाले, "चला सहायक, चहा होईल." आम्ही गेलो. ते बाईंच्या घरी त्याच लोटीतून पाणी प्यायले. त्या दिवशी हातमोजे खिशातच राहिले.

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर त्यांच्या पत्नींनी मला बोलावून एक वस्तू दिली. मी घेताना त्या हसून म्हणाल्या, "विचारायचं राहिलं. सोडू?"

आता खोकं उघडा.

तो कप बिनकानाचा दिसेल, घाबरू नका. कान काडेपेटीत आहे, कापसात. चिठ्ठी साहेबांच्या हातची आहे, ती काढू नका. बुडाला मी लाल रंगाने नंबर घातला आहे. माझे आकडे त्यांच्याइतके चांगले आले नाहीत. आणि आतल्या कागदावर तुमच्या दोघांची नावं आहेत, खाली माझी सही. नीट वाचा. मी तुम्हाला कप दिलेला नाही. उसना आहे, एका वर्षासाठी. हिवाळ्यात तो पुण्याला आणून दाखवायचा, मी तपासणार, मग मुदत वाढवून देणार. विमानात सामानात टाकायचा नाही, मांडीवर आणायचा. नाही आलात तर मला यावं लागेल, आणि या वयात मला ते जरा अवघड आहे.

खोक्यातून कप तुमची आई काढेल. दोन हातांनी काढेल, तिला येतं. ती विचारेल, "सोडू?" तेव्हा उगाच मान हलवू नका. धरलं की तसं म्हणा.